पॅरिस रद्द, माळवद पक्कं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

सुट्टीला कुठं जायचं हा तसा घरातला विषय. तो इथं कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. पण गेले दोन महिने आमच्या घरात या विषयावर जो खल चाललाय, त्यातून रजा, दाखले, दवाखाने, ओस पडणारी गावं असे एकेक सार्वजनिक प्रश्न निघत गेले. बातमीदाराचा हात शिवशिवणारच.

आधी पार्श्वभूमी. धाकटी बहीण तुलूझला असते. दक्षिण फ्रान्समधलं हे विमानं बनवणारं शहर. दाजी तिथंच इंजिनिअर. पाच वर्षं ती म्हणतेय, "दादा, आईला घेऊन या एकदा." आईचं तिकीट ती काढणार, आमचं आम्ही. आम्ही म्हणजे मी, बायको, आठवीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. शहरात आठ दिवस बसून आई कंटाळेल म्हणून बहिणीनं सुचवलं की तिथून गाडीनं अडीच-तीन तासांवर दोर्दोन्य नावाचा नदीकाठचा ग्रामीण भाग आहे, तिथं एक घर आठवडाभर भाड्यानं घेऊ. तिथला डोंगर, ओढा, आठवडी बाजार आईला ओळखीचा वाटेल.

पहिला पेच तारखांचा. आपली सुट्टी मे ते मध्य जून. त्यांची शाळा जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते आणि मोठी सुट्टी थेट ऑगस्टअखेर. फेब्रुवारीतली आणि वसंतातली सुट्टी तर त्यांनी देशाचे ए, बी, सी असे तीन भाग करून वेगवेगळ्या आठवड्यांत वाटली आहे, सगळा देश एकदम रस्त्यावर येऊ नये म्हणून. जुलै-ऑगस्टला मात्र येतोच. त्या गर्दीचा अंदाज सांगायला १९७६ पासून तिथं स्वतंत्र सरकारी सेवा आहे. कोणत्या शनिवारी कोणत्या दिशेला किती कोंडी होईल हे हिरवा, नारिंगी, लाल, काळा अशा रंगांत आधीच जाहीर होतं. आपल्याकडं कुणी गणपतीआधी कोकणच्या रस्त्याचं असं रंगीत कॅलेंडर काढलं तर लोक दुवा देतील.

जुलैत घराचं भाडंही जास्त आणि बुकिंग शनिवार ते शनिवारच. म्हणून आम्ही मेचा शेवटचा आठवडा धरला. भाडं बरंच कमी, ऊन सोसवेल असं, आणि सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमाराला. हे ऐकून आई म्हणाली, "मग दिवाबत्ती कवा करायची?"

आता त्या घराविषयी. फ्रेंचमध्ये त्याला 'जीत' म्हणतात. मला वाटलं होतं हे आपल्या रिसॉर्टसारखंच काहीतरी असेल. पण माहिती काढत गेलो तसा त्यामागचा इतिहास सापडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी भराभर रिकामी होत होती. ट्रॅक्टर आला, शेतात माणसं कमी लागायला लागली, पोरं शहराला गेली. मागे राहिली दगडी घरं, गोठे, धान्याची कोठारं. दुसरीकडं शहरातल्या कामगाराला १९३६ च्या कायद्यानं वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळालेली. ती वाढत वाढत १९८२ मध्ये पाच आठवड्यांवर गेली. रजा मिळाली, पण हॉटेलला पैसे कुठले? तेव्हा आल्प्सच्या बाजूच्या एका गरीब जिल्ह्यातले सिनेटर एमिल ओबेर यांनी या दोन अडचणींची गाठ मारली. शेतकऱ्यानं पडकं घर दुरुस्त करायचं, त्यासाठी सरकारनं मदत करायची आणि शहरातल्या कुटुंबानं ते सुट्टीत परवडेल अशा भाड्यानं घ्यायचं. असं पहिलं घर १९५१ ला उभं राहिलं, १९५५ ला अशा घरमालकांचा देशव्यापी महासंघ झाला. आजही त्या घरांना दर्जाचे तारे मिळत नाहीत, गव्हाच्या ओंब्या मिळतात. एक ओंबी, दोन ओंब्या, जास्तीत जास्त पाच. आम्ही बघितलेलं घर तीन ओंब्यांचं आहे.

हे वाचताना मला आपला खानापूर-आटपाडी भाग दिसत होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या विटा परिसरातली माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या धंद्यात गेली. सोनं-चांदी गाळायच्या कामाला. आज देशातलं क्वचितच एखादं मोठं शहर असेल जिथल्या सराफकट्ट्यावर आमच्याकडचा माणूस सापडणार नाही. त्या पैशातून गावाकडं टोलेजंग घरं झाली. पण वर्षाचे अकरा महिने त्यांना कुलूप. यात्रेला कुलपं निघतात, चार दिवस गाव गजबजतं, पाचव्या दिवशी परत पारावर म्हातारी माणसं आणि कुत्री. बहिणीनं सांगितलं, "दादा, इथंही तसंच आहे. ऑगस्टला गावजत्रा असते, तेवढ्यापुरत्या घरांच्या झडपा उघडतात." ऐकून बरं वाटावं की वाईट, समजेना.

दुसरा पेच कागदांचा. यातला अर्धा भाग आपल्याकडचा आहे.

आईची जन्मतारीख १ जून. तुमच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांची हीच असेल, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्या पोरांना एका दिवशी जन्माला घातलं. आधारवर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. पासपोर्टसाठी हे सगळं एका रेषेत आणायला दीड महिना गेला. ज्येष्ठ नागरिक म्हणून फीत दहा टक्के सवलत मिळाली, त्याचं आईला भारी कौतुक. आता व्हिसाला बोटांचे ठसे द्यायचे आहेत. तीस वर्षं खुरपं धरलेल्या हाताचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही हे आमच्या दुकानदाराला पाठ आहे. तिकडच्या मशीनवर उठेल का, ही धास्ती आहेच.

व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो. बारा वर्षांवरचं मूल मोठ्यातच धरतात. म्हणजे चौघांचे ३६० युरो, वर सेवाशुल्क वेगळं. युरो आता शंभरीच्या घरात आहे, हिशोब तुम्हीच करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. नाकारला तर फी परत नाही. शिवाय प्रत्येकी किमान ३० हजार युरोंचा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा.

एक गोष्ट मात्र मला फार रंजक वाटली. काही दिवस आम्ही बहिणीच्या घरी राहणार, म्हणून तिला एक दाखला काढावा लागतो. पाहुण्यांना ठेवून घेण्याचा दाखला! तो देतो कोण? तिथला महापौर. खेड्यात असेल तर खेड्याचा. ३० युरोंचं तिकीट लावायचं, घराची आणि उत्पन्नाची कागदपत्रं दाखवायची. एवढी माणसं राहण्याइतकं घर आहे का, हे तो तपासायलाही लावू शकतो.

म्हणजे आपल्या सरपंचांच्या रहिवासी दाखल्यासारखंच. फ्रान्समध्ये अशा स्थानिक संस्था, त्यांना कम्यून म्हणतात, जवळजवळ ३५ हजार आहेत. लोकसंख्या पावणेसात-सात कोटी. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास आणि लोकसंख्या २०११ लाच सव्वाअकरा कोटी. त्यांच्या निम्म्याहून जास्त कम्यूनमध्ये पाचशे माणसंसुद्धा नाहीत. तरी प्रत्येकीला महापौर आणि निवडून आलेली परिषद. आपण ज्यांना प्रगत म्हणतो त्यांचा कारभार असा वाडी-वस्तीपर्यंत फुटलेला आहे.

या गावांना पाहुण्यांकडून मुक्कामाचा कर घेता येतो. कायदा १९१० चा. माणशी, रात्रीमागं थोडीशी रक्कम, अठरा वर्षांखालच्यांना माफ. अट एकच, हा पैसा पर्यटनाच्या कामावरच खर्च करायचा. आपल्याही ग्रामपंचायत कायद्यात यात्रा कराची तरतूद आहे. किती गावांत तो पाणी, संडास, पार्किंगवर दिसतो, हे तुम्ही मला कमेंटमध्ये सांगा. आणि २०२० ला राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, ते तुमच्या तालुक्यात कुणाच्या दारापर्यंत पोचलं हेही सांगा.

तिसरा पेच सामानाचा. आईनं यादी केली होती, घरचं तूप, पेढे, पेटीतले दोन डझन हापूस, कडीपत्ता. एकेक काट मारावी लागली. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचा किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ नेता येत नाही. फळांनाही रोग-किडीचं प्रमाणपत्र लागतं, त्यातून फक्त पाच सुटतात. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आई म्हणाली, "नारळ चालतूय म्हंजी देवाचं तरी हुईल." ज्वारीचं पीठ, चटण्या आणि एक नारळ, एवढ्यावर तडजोड झाली. दोर्दोन्यचं नाव बदकाच्या मांसासाठी, आई शाकाहारी. पण घरात स्वयंपाकघर आहे आणि सार्ला नावाच्या गावात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. तिथं त्या दिवसांत स्ट्रॉबेरी असते, अक्रोड असतात, शेळीच्या दुधाचं चीज असतं. भाकरी आणि शेळीचं चीज. माणदेशी माणसाला आणखी काय पाहिजे?

मुलीला लास्कोची गुहा बघायची आहे. १९४० च्या सप्टेंबरमध्ये चार पोरांना सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांची गुहा. खरी गुहा १९६३ पासून बंद आहे. माणसांच्या श्वासानं आणि ओलीनं चित्रं खराब व्हायला लागली, तेव्हा सरकारनं चालत्या कमाईला कुलूप घातलं. १९८३ ला एक प्रतिकृती उघडली, २०१६ ला त्याहून मोठी. लोक ती नक्कल बघायला रांग लावतात आणि तिथली दुकानं चालतात. आपल्या गडांवर दर शनिवारी काय होतं हे आठवलं की असं वाटतं, कधीकधी बंद करणं हेसुद्धा जपणंच असतं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग एका रात्री जेवताना आईनं विचारलं, "आन् त्या गावात दवाखाना हाय का रं?"

आईला मधुमेह, गुडघे गेलेले, दोन वर्षांपूर्वी एकदा छातीत दुखून झालेलं. प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो आणि फ्रेंच खेड्याचं दुसरं तोंड दिसलं.

दवाखाना त्या गावात नाही. औषधाचं दुकान, हिरव्या क्रॉसची पाटी असलेलं, शेजारच्या मोठ्या गावात. तातडीला १५ नंबर फिरवायचा, डॉक्टरच फोनवर विचारपूस करून पुढचं ठरवतात. व्यवस्था आहे. पण खेड्यातले जुने डॉक्टर निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी नवीन यायला तयार नाहीत. अशा भागांना तिथले लोक 'डॉक्टरांचं वाळवंट' म्हणतात. छोट्या गावांचे महापौर आमच्याकडं डॉक्टर या हो, म्हणून जाहिराती करतात. वाचताना आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र आठवलं, बोर्डावर दोन डॉक्टर आणि खुर्चीत एकही नाही.

तिथला शेतकरीही खूश नाही. २०२३ च्या शेवटी तुलूझजवळच्या तार्न जिल्ह्यात शेतकऱ्यांनी गावोगावच्या वेशीवरच्या पाट्या उलट्या केल्या. डोकं खाली, पाय वर. कारभार उलटा चाललाय, एवढंच सांगायचं होतं. बघता बघता देशभर पाट्या उलट्या झाल्या आणि जानेवारी २०२४ ला त्याच भागातून ट्रॅक्टर महामार्गावर उतरले. भाव, नियम, कागद, डिझेल. मागण्यांची यादी वाचली तर भाषा तेवढी वेगळी.

आणि मग २००३ सालाची गोष्ट समोर आली. ती वाचून मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला.

त्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली. सगळा देश सुट्टीवर. डॉक्टर सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, मुलं-सुना समुद्रावर नाहीतर डोंगरात. शहरातल्या वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं एकटी. दोन-तीन आठवड्यांत सुमारे १५ हजार माणसं जास्तीची मेली, बहुतेक वयस्कर. पॅरिसमध्ये ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही अशा ५७ जणांवर ३ सप्टेंबरला एकत्र अंत्यसंस्कार झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः उभे होते. ज्या देशानं सुट्टीला हक्क बनवलं, त्याला सुट्टीची ही दुसरी बाजू बघावी लागली.

पुढं त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. ३० जून २००४ च्या कायद्यानं दोन गोष्टी केल्या. एक, नोकरदारांनी वर्षातून एक दिवस जादा काम करायचं आणि त्या दिवसाचा पैसा वृद्ध-अपंगांच्या देखभालीला जायचा. माझ्या बहिणीला तो 'फुकट राबायचा दिवस' म्हणून माहीत होता, का राबायचं ते तिला मी सांगितलं. दुसरी गोष्ट, प्रत्येक गावाच्या महापौरानं एकट्या राहणाऱ्या, आजारी, वयस्कर माणसांची यादी ठेवायची. ज्यांना नाव द्यायचं त्यांनी द्यायचं. उष्णतेचा इशारा आला की त्या यादीतल्या माणसांची चौकशी करायची.

आता आमच्या घरचा निकाल सांगतो.

दवाखान्याचं सगळं ऐकून आई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग काय, आपल्यासारकंच हाय की." आणि तिनं तिची अट ठेवली. गावाकडं आमचं चार खणांचं माळवदाचं घर आहे. वडील गेल्यापासून बंद. एक तुळई वाकली आहे, किलचनं कुजली आहेत, मागच्या पावसात एका खणातून माती खाली आली. नमुना आठला अजून आजोबांचं नाव, वाटेकरी चुलत भाऊ तिघे, तिघेही गलाईला, तीन वेगवेगळ्या राज्यांत. आई म्हणाली, "परमुलकातल्या मानसाचं पडकं घर उभं ऱ्हावं म्हून भाडं भरताय. तुमच्या बापाच्या घराचं काय?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. बायको तेवढी म्हणाली, "आईंचं बरोबर आहे."

मग बसून हिशोब केला. परतीच्या वाटेवर पॅरिसला तीन रात्री ठरल्या होत्या. आयफेल टॉवर, हॉटेल, बोटीतली फेरी. ते सगळं रद्द. मुलगी दोन दिवस गाल फुगवून बसली, लास्को राहणार म्हटल्यावर विरघळली. पॅरिसचे पैसे तुळईला आणि पांढरीच्या मातीला. चुलत भावांना फोन केले. दोघे लगेच हो म्हणाले, तिसरा म्हणाला, "यात्रेला येतो, तेव्हा बोलू." पावसाआधी निदान दोन खण तरी झाकायचे असं ठरलंय. माळवद घालणारे जाणते गवंडी आता भागात फार राहिले नाहीत. दोर्दोन्यमध्येही जुन्या घरांवर दगडी फरश्यांची जड छपरं असतात, आणि तीही घालणारे हात मोजकेच उरलेत म्हणे. कुणाला आपल्याकडचा कारागीर माहीत असेल तर मला मेसेज करा, खरंच करा.

आता सार्वजनिक काम. १ मेला गावोगाव ग्रामसभा आहे. आमच्या गावात मी एकच विषय मांडणार आहे. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं किती, याची एक वही. नाव, घर, कुठलं औषध चालू आहे, बाहेरगावच्या मुलाचा फोन नंबर. आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांच्यापैकी कुणाकडं ती राहील हे ग्रामसभेनं ठरवावं. पारा चाळिशीच्या वर गेला की त्या वहीतल्या प्रत्येक दारावर कुणीतरी थाप मारायची, पाण्याची कळशी बघायची. याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, शंभर पानी वही लागते. मी आमच्या आळीत नुसतं बोटावर मोजलं तर सात नावं निघाली. सातपैकी पाच जणांची मुलं गलाईला.

तुमच्या गावात किती निघतात? ग्रामसभेला अजून वेळ आहे. मोजा आणि खाली लिहा.